पुढ्यात बसून ऐका

अंबरपेठेत माझी स्कूटर दुरुस्त करणारे एक मेकॅनिक आहेत. इतकी वर्षं हॉर्न वाजवून वाजवून तपासल्यामुळे त्यांचा डावा कान जवळजवळ गेला आहे. ते गिऱ्हाइकाकडे उजवा कान करून उभे राहतात आणि साधं 'बैठो'सुद्धा पलीकडच्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणतात.

परवा इनशर्ट केलेले एक गृहस्थ आले. रस्त्यात कोणी बाजूलाच होत नाही म्हणून त्यांना स्कूटरला ट्रकचा हॉर्न हवा होता. मेकॅनिकनी हॉर्न बॅटरीला जोडला आणि गृहस्थांना स्कूटरच्या पुढ्यात स्टुलावर बसवलं.

"हॉर्न सामनेवाले के वास्ते रहता ना? तो सामने बैठके सुनो."

त्यांनी बटण दाबलं. गृहस्थ स्टुलासकट पडता पडता वाचले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "नक्को भाई. सादाच लगाओ."

ते गेल्यावर मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "भाई, कान डॉक्टर को दिखाए क्या?"

"चाय? हौ, मंगातूं."

चहा आला. मी तो प्यायलो. तोच प्रश्न साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा विचारणं मला जमलं नाही.