लताबाईंचं तिसरं प्रकरण

लताबाई तायडे चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. सावद्याच्या ज्युनिअर कॉलेजातल्या पोरांना हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. बाई ओरडताहेत तोवर भीती नाही. बाई हळू बोलायला लागल्या की वह्या उघडायच्या. हा आवाज त्यांना बापाकडून आला होता. यावलचे चिंधा तायडे दिवसा केळीच्या बागेत राबायचे आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव जलसा घेऊन फिरायचे. डफावर थाप पडली की पुढच्या रांगेतल्या बाया डोक्यावरचा पदर सावरून बसायच्या, असा त्यांचा दरारा.

चिंधाबाबांच्या जलशाला एक कायदा होता. दुसऱ्याचं गाणं गायचं तर शेवटच्या कडव्यातलं त्याचं नाव गिळायचं नाही. एकदा फैजपूरकडच्या एका गायकाने भर मांडवात नाव गिळलं आणि तिथं स्वतःचं बसवलं, तर चिंधाबाबा उठले आणि त्याच्या पेटीचा भाताच दाबून धरला. "आधी मालकाचं नाव घे, मग पुढचं गा." मारामारी व्हायची तेवढी राहिली. पण चालीला मात्र हा कायदा लागू नव्हता. चाल सिनेमाची घ्या, भजनाची घ्या, शेजारच्या पार्टीची घ्या, कुणी विचारत नसे. चाल म्हणजे वारा. शब्द आपले बसवले की गाणं आपलं.

ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं असतात त्यांची पोरं टीप कुठं द्यायची, कुणाचं नाव कुठं लिहायचं, हे जेवता जेवता शिकतात. लताबाईंच्या घरात कपाट नव्हतं, डफ होता. जे शिकायचं ते त्या डफाकडून शिकल्या. त्यातलं बरंचसं सोनं होतं. एक गोष्ट तेवढी पुढं नडली.

एक्क्याण्णव साली त्यांनी एम.फिल.ला नाव घातलं. विषय घेतला पूर्व खानदेशातल्या बौद्ध बायांची कामाची गाणी. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने यावल, रावेर, मुक्ताईनगर असं त्या फिरल्या. बाया केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेत, तिथं उभं राहून त्यांनी गाणी उतरवून घेतली. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. मार्गदर्शक होते जळगावचे डॉ. रतिलाल चौधरी. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असलेला. ते म्हणाले, "तायडेबाई, एवढी नावं कशाला? प्रबंध आहे की मतदार यादी?"

"सर, गाणं त्यांचं आहे," लताबाई म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. नावं राहिली.

पण गाणी गोळा करणं वेगळं आणि त्यांच्यावर प्रकरण लिहिणं वेगळं. तिसऱ्या प्रकरणाशी त्या अडल्या. गाण्यांचा ढीग पडलेला, पण ओवायला दोरा मिळेना. तेव्हा धुळ्याच्या एका मेळाव्याची जुनी स्मरणिका त्यांच्या हाती लागली. त्यात सुकदेव वाघ नावाच्या प्राथमिक शिक्षकाचा चार पानी लेख होता. त्याचं म्हणणं असं, की धर्मांतरानंतर आपल्या बायांच्या गाण्यातलं माहेर सरकलं. आधी माहेर म्हणजे आईचं गाव. नंतर माहेर म्हणजे दीक्षाभूमी. लताबाईंना दोरा मिळाला. त्यांनी त्या विचारावर चाळीस पानं लिहिली. सगळी स्वतःच्या शब्दांत, आणि शब्द असे की वाघ गुरुजींचा लेख त्यापुढे सरकारी परिपत्रक वाटावं.

सरांना त्यांनी स्मरणिकेबद्दल विचारलंही होतं. सर म्हणाले, "स्मरणिकेचा काय संदर्भ देता? उद्या लग्नपत्रिकेचा द्याल. शब्द तुमचे आहेत ना?"

"सगळे माझे."

"मग झालं."

झालं. बापाचा कायदाही तेच सांगत होता. चाल कुणाचीही असो, शब्द आपले.

त्र्याण्णवच्या दिवाळीपर्यंत प्रबंध टाइप होऊन, बांधून तयार झाला. घाई होती. वर्ष संपायच्या आत एम.फिल. पदरात पडलं तर सीनियर कॉलेजच्या जागेला अर्ज करता येणार होता; नाही पडलं तर प्राध्यापकांसाठी वरून आलेली नवी पात्रता परीक्षा द्यायची, आणि ती भल्याभल्यांना आडवी करत होती. चौधरी सरांची सही तेवढी बाकी होती.

त्याच सुट्टीत धुळ्याला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये लोकसाहित्यावर भाषणं होती. लताबाई गेल्या. गिरधर बोरसे नावाचा धुळ्याचाच एक तरुण प्राध्यापक बोलायला उभा राहिला. बोलणं झकास, हातवारे नेमके. म्हणाला, "केळीचा घड म्हणजे बाईच्या खांद्यावरचं लेकरू. म्हणून त्या गाण्याला कष्टाचा ठेका नाही, पाळण्याचा झोका आहे."

लताबाई जागच्या जागी ताठ झाल्या. ही त्यांची गोष्ट होती. घड वाहणाऱ्या बाया जे गातात ती अंगाई आहे, हे त्यांना सावद्याच्या उन्हात ट्रकाशेजारी उभं राहून उमगलं होतं, आणि वर्षभरापूर्वी जळगावच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांनी ते लिहिलं होतं. प्रश्न विचारायची वेळ आली तशा त्या उठल्या.

"बोरसे सर, हे अंगाईचं तुम्हाला कुठं सापडलं?"

"निरीक्षण आहे, बाई."

"तुम्ही सावद्याला कधी आला होता?"

हॉलमध्ये खुसखुस झाली. बोरसेचे कान लाल झाले. "तुमचा तो लेख मी वाचलाय, नाही म्हणत नाही. पण त्यातली एक ओळ माझ्या भाषणात दाखवा. शब्द सगळे माझे आहेत."

लताबाईंनी तोंड उघडलं. शिवी तयार होती, यावलची, अस्सल. पण ती बाहेर पडण्याआधी त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "सगळे माझे." चौधरी सरांच्या टेबलापुढं त्याच ठसक्यात म्हटलेलं. त्या खाली बसल्या. शेजारची बाई म्हणाली, "का हो, सोडलं का त्याला?"

सोडलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या मांडवात पेटी दाबायची तर आपलं कडवं आधी साफ असावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विचारत विचारत धुळ्यातल्याच देवपुरात सुकदेव वाघांच्या घरी पोचल्या. गुरुजी निवृत्त होऊन ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. लताबाईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि चहा यायच्या आत म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा माहेरचा विचार मी माझ्या प्रबंधात घेतलाय. तुमचं नाव नाही घातलं. आता घालणार आहे, ते सांगायला आले."

गुरुजींनी चष्मा वर केला. "मन्हा लेख कोनी वाचा, हाईच आज समजनं. माले वाटे, उधईनीच वाचा."

लेख वाळवीनेच वाचला म्हणे! लताबाईंना हसू आलं आणि त्याचा रागही आला. "मी चोरी सांगतेय आणि तुम्ही थट्टा करताय."

"थट्टा नाही, बाई. राग तर आलाच आहे." गुरुजी आता शाळेतल्या मराठीवर आले. "पण आधी हे सांगा, माझं म्हणणं पटलं का तुम्हाला?"

"पटलं म्हणून तर घेतलं."

"बठ्ठं पटलं?"

बठ्ठं म्हणजे सगळं, आणि सगळं पटलेलं नव्हतं. सावद्याच्या भिकुबाई वानखेडे घड उतरवता उतरवता एक ओवी गायच्या:

दीक्षाभूमीला जाईन, येईन परतून
माय वाट पाहे माझी, यावलच्या वेशीतून

ही ओवी त्या विचारात बसत नव्हती. माहेर कुठं सरकलं होतं? एकाच्या जागी दोन झाली होती. अशा ओव्या दहा-बारा तरी होत्या. लताबाईंनी त्या सगळ्या परिशिष्टात टाकल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. विचार आपलाच म्हणून मांडला होता. मग त्याच्याशी भांडणार कोण? वाघ गुरुजींचं नाव घेतलं असतं तर पुढच्याच ओळीला लिहिता आलं असतं, की गुरुजी असं म्हणतात, पण आमची भिकुबाई ऐका. नाव गिळलं तिथंच भांडणही गिळलं गेलं होतं, आणि लताबाईंच्या पदरचं जे खरं होतं ते परिशिष्टात जाऊन पडलं होतं.

त्यांनी ती ओवी म्हणून दाखवली. गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, "माझी गाणी सगळी धुळे, साक्रीकडची. तुमच्या बाजूला मी फिरलोच नाही. तरी मी म्हणेन, ही बाई अपवाद."

"अपवाद नाही, गुरुजी."

"मग लिहून दाखवा."

जळगावला चौधरी सरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, प्रती बांधून झाल्या. मी आज सही करतो, उद्या जमा करा. कुणाला कळणार आहे? त्या स्मरणिकेच्या प्रती रद्दीत गेल्या असतील."

"मला कळलंय ना, सर."

"मग एक टीप चिकटवा खाली. वाघांचे आभार. संपलं."

"आभाराने नाही भागत. चाळीस पानं त्यांच्या विचारावर उभी आहेत, आणि मला त्या विचाराशी भांडायचंय. प्रकरण नव्याने लिहिते."

"वर्षअखेर निघून जाईल. जागा जाईल. ती परीक्षा माहीत आहे ना कशी आहे?"

"माहीत आहे."

"तुमच्यासारख्या बाईने हा हट्ट करावा? इतक्या वरपर्यंत आलात तुम्ही."

आवाज एकदम खाली गेला. "माझ्यासारख्या बाईच्या प्रबंधात उद्या कुणी बोट घातलं, तर बोट एकट्या माझ्याकडे नाही जाणार, सर. सगळ्या वस्तीकडे जाईल. तुमच्याकडे असं होत नाही, म्हणून तुम्हाला सोपं वाटतं."

पेनाचं टोपण सरांनी लावून टाकलं.

वर्षअखेर गेली. जागाही गेली, ती दुसऱ्या कुणाला मिळाली. घरचे म्हणाले, एवढ्या हट्टाने काय साधलं? लताबाई भाकरी थापत थापत प्रकरण मनात जुळवत असत आणि तवा करपला की शिव्या स्वतःलाच देत. मध्येच बोरसेला त्यांनी भुसावळच्या स्टँडवर गाठलं आणि अर्धी एस.टी. ऐकेल अशा बेताने सांगितलं, की मी माझं निस्तरलंय, आता तुझी पाळी. भाषणाचा लेख छापून आला तेव्हा त्यात लताबाईंचं नाव होतं. आडनाव चुकवलेलं, पण होतं.

नवं तिसरं प्रकरण सुरू झालं ते असं: 'सुकदेव वाघ यांनी मांडलं आहे, की बौद्ध स्त्रियांच्या गाण्यातलं माहेर धर्मांतरानंतर सरकलं. ही वाट त्यांनी दाखवली. त्यांच्यावाचून मला ती दिसली नसती. मात्र सावदा-यावल भागातल्या बाया त्या वाटेने जाऊन परत येतात.' आणि मग भिकुबाई. परिशिष्टातून उठून पहिल्या पानावर.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध चाळत विचारलं, "या वाघांशी तुमचं वैर आहे का हो? पानोपानी भांडताय."

"वैर नाही, सर. त्यांच्याच ओट्यावर उभी राहून भांडतेय."

मागच्या बाकावर धोतर-टोपीतला एक म्हातारा खाकरला. धुळ्याहून पहाटेची गाडी धरून वाघ गुरुजी आले होते. परीक्षकांनी चौधरी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "हे प्रकरण मी थांबवायला निघालो होतो. बाईंनी ऐकलं नाही." एवढं कबूल करायलाही माणूस लागतो, तो त्यांच्यात होता. एम.फिल. मिळालं. ती पात्रता परीक्षा पुढं दोनदा द्यावी लागली आणि सीनियरची जागा बऱ्याच वर्षांनी मिळाली, पण त्या दिवशी त्याची चिंता कुणी केली नाही.

बाहेर पडल्यावर लताबाईंनी गुरुजींना वाकून विचारलं, "आता तरी पटलं का?"

"प्रकरण चांगलं शे," गुरुजी म्हणाले. "पण तुन्ही भिकुबाई माले पटनी नही."

"का नाही पटली?"

"चाल, सांगस."

आणि जळगावच्या स्टँडपर्यंत ती दोघं भांडत गेली.