जांभळं रबर

"तुमच्या डायवरला केसं लई दिसतात, मालक."

मिस्त्री पप्पांना म्हणाले आणि करंगळीत अडकवलेलं जांभळं रबर त्यांच्यापुढे धरलं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची रेस टिकत नव्हती. लिव्हर आपोआप खाली सरकायची, म्हणून केसांचं रबर मीच तिला बांधलं होतं. ट्रॅक्टर रोज मी चालवते, पण पप्पा बाहेर ड्रायव्हर ठेवलाय असं सांगतात. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

चौसाळ्याहून आलेल्या या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. ते हात फक्त पँटच्या डाव्या पायाला पुसत. उजवा पाय चहाला बसण्यासाठी स्वच्छ ठेवत. लिव्हरच्या रॉडचं भोक झिजून लांबट झालं होतं. त्यात त्यांनी पितळी बुश बसवला आणि शेवटच्या नटाशी थांबले.

"हा नट चालवणाऱ्याच्या हाताला बघून आवळायचा असतो. बोलवा डायवरला."

"तो गावाला गेलाय. अंदाजानं आवळा."

"अंदाजानं आवळला की पुन्हा रबर लागतंय."

पाना खाली ठेवून ते पालथ्या बादलीवर निवांत बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी घरात पळाले असते.

मी सीटवर चढले. लिव्हर ओढून पाहिली. पप्पा विहिरीकडे बघत होते.

"अजून अर्धा आटा आवळा, काका," मी म्हणाले. "आणि ते रबर माझं आहे."