वरच्या खोलीतली बाळंतीण

त्या थंडीत आमच्या घरात दोन बाळंतिणी होत्या. खाली माझी मुलगी मनू आणि वरच्या मजल्यावर मी.

मनूचं कारण सरळ होतं, तिला मुलगी झाली होती. मला करोना झाला होता. तिसरी लाट चालू होती. बाळाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच संध्याकाळी मला लागोपाठ तीन शिंका आल्या, आणि नातीला घ्यायला पुढे केलेले माझे हात माझ्या बायकोने, सुलभाने, हवेतल्या हवेत अडवले. "वर जा!" एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, माझा एकट्याचा पॉझिटिव्ह. पहिली नात, आणि तिचं नाकसुद्धा मी धड पाहिलं नव्हतं!

ताप दोन दिवसांत पळाला. आठव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"सर, सात दिवस झाले, ताप नाही. तुम्ही मोकळे. थोडे दिवस मास्क लावा आणि बाळाला खुशाल घ्या."

"पण पुन्हा टेस्ट करून बघायला नको?"

"अजिबात करू नका. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात राहतात, कुणाकुणाच्या महिना-महिना राहतात. टेस्टमध्ये ते दिसतात, पण ते कुणाला लागत नाहीत."

इथे कुठलाही शहाणा माणूस जिना उतरला असता. पण मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं! पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मी बुऱ्हाणपूरच्या निम्म्या पोरांकडून शंभर-शंभर वेळा लिहून घेतलंय. तुकडे मेलेले आहेत म्हणे! डॉक्टरांनी काय त्यांची नाडी पाहिली होती? आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. खाली मुठीएवढं बाळ होतं. माझ्यामुळे तिला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? म्हणून मी गुपचूप नमुना घेणाऱ्याला बोलावलं आणि नाकात कांडी घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. जावयासकट मनूच्या सासरची सगळी मंडळी दापोऱ्याहून निघालेली. आमचे व्याही भागवतभाऊ केळीवाले, त्यांनी भलामोठा घड आणला होता. बरोबर मनूची नणंद होती, कारण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. भागवतभाऊंनी एक पाय फाटकाच्या आत टाकला आणि नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला.

मी गॅलरीत धावलो. "थांबाऽऽ! कुणी आत येऊ नकाऽऽ! मी पॉझिटिव्ह आहे!"

भागवतभाऊंचा दुसरा पाय बाहेरच राहिला. सुलभा हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन अंगणात आली.

"कोण म्हणतं?"

"रिपोर्ट म्हणतो."

"आणि रिपोर्ट कोणी मागवला?"

यावर मी जरा दूर, तापीच्या दिशेने पाहू लागलो.

"पप्पा, क्या यार!" मनू दारातून ओरडली. "डॉक्टर बोलले होते ना, टेस्ट मत कराओ!"

पण पोरगी माझी गुणाची. चिडली, रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "पप्पांशिवाय बारसं नाही करायचं. पप्पा खाली येतील तेव्हाच नाव ठेवू." पाहुणे फाटकातूनच घुगऱ्या घेऊन परत गेले. (घड तेवढा आत आला.) अशा रीतीने एका निष्पाप जिवाचं नाव माझ्या नाकात अडकलं.

त्याच दुपारी सरकारी कोविड कक्षातून चौकशीचा फोन. "आप नए मरीज़ हैं?"

"नहीं जी, पुराना ही हूँ. रिपोर्ट नया है."

"मतलब फिर से हुआ?"

"फिर से नहीं, अभी तक!"

पलीकडच्या बाईंनी बहुतेक दोन्ही रकाने खोडले. मग "ध्यान रखिए" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता घरात दोन माणसं खोलीत बंद, आणि स्वयंपाक करणारी एक. सुलभाने सोपा मार्ग काढला. जे मनूला, तेच मला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशोपा. संध्याकाळी मनूला ओव्याची धुरी देऊन झाली की तीच शेगडी माझ्या दाराशी यायची. "छाती मोकळी होते," सुलभा म्हणायची. अळिवाच्या खिरीने मनूचं दूध वाढलं आणि माझं पोट! तिसऱ्या आठवड्यात पायजम्याची नाडी पुरेना.

सकाळी मनू बाळाला घेऊन अंगणात कोवळ्या उन्हात बसायची. तीच माझी भेटीची वेळ. दुपट्यातून दिसायचा फक्त एक टकलू. मी गॅलरीतून वाकून, मास्कमधून, जिवाच्या आकांताने ओरडायचो, "ए चिमणेऽऽ! इकडे बघऽऽ! आजोबाऽऽ!" ती कधीही वर पाहायची नाही. समोरचे लोक मात्र रोज पाहायचे.

मी दर सहा दिवसांनी टेस्ट करत होतो. पॉझिटिव्ह. पुन्हा पॉझिटिव्ह. कांडीवाला आधी "फिर से, सर?" असं विचारायचा, पुढे पुढे मला पाहताच नुसता मान हलवायचा. चौथ्या रिपोर्टनंतर डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "सर, तुम्ही आता टेस्ट सोडा. लागण नाही, व्यसन झालंय तुम्हाला!" सुलभाही रोज जिन्यात उभी राहून समजवायची, "अहो, डॉक्टर सांगताहेत ना! या खाली." मी म्हणायचो, "एक निगेटिव्ह येऊ दे, मग येतो." पोटच्या पोरीच्या पोरीवर प्रयोग करायला माझं मन धजत नव्हतं.

असा सव्वा महिना झाला. मनू राजघाटावर जाऊन तापीची पूजा करून आली. तिचं बाळंतपणाचं ओवळं फिटलं. माझं काही फिटेना! त्याच दिवशी ती मुलीला घेऊन सासरी निघणार होती, आणि त्याच सकाळी माझा पाचवा रिपोर्ट आला होता. तो काय होता हे सांगायची गरज नाही.

भागवतभाऊ मनूच्या नणंदेसह न्यायला आले. खाली बॅगा बांधल्याचा आवाज येत होता. मी खाटेवर बसलो होतो आणि मला, एकसष्ट वर्षांच्या माणसाला, चक्क रडू येत होतं. नात चालली, आणि मी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"भाऊ, वर नका जाऊ!" मी आतून ओरडलो.

भागवतभाऊ शांतपणे दारात येऊन उंबऱ्यावर बसले. "सर, मले एक सांगा. घड कापल्यावर आम्ही केळीचा खांब तोडतो अन् बांधावर फेकतो. पाहिला हाय का तुम्ही?"

"पाहिलाय की."

"हिरवा दिसते ना तो? आठ-आठ दिवस पाणी गळते त्याच्यातून. पण त्याले कधी घड लागला का?"

"छे! कापलेल्या खांबाला कसा घड लागेल?"

"मग तो कांडीवाला बांधावरचे तुकडे पाहून राहिला, अन् तुम्ही म्हणता बाग उभी हाय! डॉक्टरनं तुमले दुसरं काय सांगितलं होतं?"

भागवतभाऊ आठवी नापास आहेत. ते खरं तर विज्ञानातच नापास झाले होते, आणि ते ज्या शाळेत शिकले तिथे मी शिकवायला नव्हतो, ही त्यांची पुण्याई!

"उठा," ते म्हणाले. "आंघोळ करा, मास्क लावा. आज पोरीचं नाव ठेवून मगच जाऊ."

तासाभरात पाळणा सजला. मी कडकडीत पाण्याने अंग लाल करून, दोन मास्क लावून जिना उतरलो. मनूने बाळाला माझ्या हातात ठेवलं. काय सांगू! अळिवाची खीर खाऊन वाढलेल्या माझ्या पोटावर ती इतकी निवांत टेकली की जणू एवढ्याचसाठी ते वाढवलं होतं. नाक अगदी सुलभावर गेलंय. माझ्या डोळ्यांतलं पाणी मास्कच्या आत उतरत होतं आणि हात रिकामे नसल्यामुळे पुसता येत नव्हतं.

मनूची नणंद पुढे आली आणि म्हणाली, "काका, महिनाभर तुम्ही वाट पाहिली. नाव तुम्हीच सांगा कानात. अवनी."

मानाने मला भरून आलं. मी वाकलो, त्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं, आणि सव्वा महिन्याच्या सवयीने, गॅलरीतून द्यायची तशी सणसणीत हाक दिली, "अवनीऽऽऽ!"

पोरीने दचकून जो टाहो फोडला! समोरच्या गच्चीवरून कुणीतरी "छान नाव आहे, सर!" म्हणालं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी हळूच धपाटे घालायचे अशी पद्धत आहे. सुलभाने माझ्या पाठीत घातलेला धपाटा त्या पद्धतीचा नव्हता.

"अहो, हातात आहे ती! अंगणात नाही!"

बाळ भागवतभाऊंच्या खांद्यावर गेल्यावरच शांत झालं, आणि तिथूनच गाडीत बसून दापोऱ्याला गेलं.

अवनी आता शाळेत जाते. ही सगळी गोष्ट तिने आजीकडून ऐकली आहे. दापोऱ्याच्या आजोबांना ती सगळी गुपितं कानात सांगते. माझ्याशी बोलायचं असलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते, तोंडाभोवती दोन्ही हात धरते आणि बेंबीच्या देठापासून ओरडते. मनूने तिला एकदा विचारलं, अगं, आजोबांजवळ जाऊन का नाही बोलत? तर म्हणाली, "जवळ गेलं तर ते घाबरतात ना!"