दसऱ्याचा हार आणि विझलेला दिवा

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. टेस्ट लॅम्पवर मात्र होता. एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. करंट असला की पेटतो, नसला की नाही. त्यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. बाबांच्या मागे त्यांची जुनी मोटारसायकल मी त्याच दिव्याच्या भरवशावर चालती ठेवली होती.

त्या वर्षी आईला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायला लागलं. ऑपरेशन ठरलं, पण नजर राहीलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट केलं. आईनं ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "त्याच्या आदी एकदा देवीला डोळं भरून बघू दे." देवी म्हणजे पनवेलच्या पुढं, करंजाड्याच्या बाजूची गावदेवी. साताऱ्याहून इकडं आल्यावर बाबा आईला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले होते, याच गाडीवरून. बाबा गेल्यावर 'ह्यांच्या गाडीवरून एकदा येऊन जाईन' असं आई देवीला बोलून बसली होती आणि ते राहूनच गेलं होतं. मी रिक्षाचं नाव काढलं की म्हणायची, "रिक्षानं यीन आसं न्हवते बोलले मी."

दसऱ्याला जायचं ठरलं. सकाळी जुईनगरच्या आमच्या सोसायटीत मी गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि हेडलाइटवर झेंडूचा जाडजूड हार चढवला. वाटेत उडू नये म्हणून तो बारीक तारेनं हँडलला चांगला करकचून आवळला. जेवून निघताना चावी फिरवली आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. धुताना पाणी गेलं असणार, हा माझा पक्का निष्कर्ष. मग रोज कामावरून आलो की टाकी उतरव, सीट काढ, एकेक वायर पुसून वाळव, हाच उद्योग. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडला की तो लख्ख पेटायचा. म्हणजे कुठंतरी वायर उघडी पडून गाडीच्या लोखंडाला टेकत होती. कुठं, ते काही तो दिवा सांगत नव्हता. मेकॅनिक सणाला गावी गेलेला. समोरचे काका येता-जाता "टेन्शन नका घेऊ, होईल" म्हणायचे, त्यानं टेन्शन वाढायचंच. हाराला मात्र मी हात लावला नाही. दसऱ्याचा हार आपण काढायचा नसतो, सुकून आपोआप पडू द्यायचा, अशी आईची सक्त ताकीद होती.

ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून रजा टाकून गाडीपाशी बसलो होतो. दिवा आपला पेटलेलाच. शेवटी पाना खाली टाकला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. प्रार्थना वगैरे नव्हती ती, चक्क वैताग होता. देवीला म्हटलं, बाई, माझी अक्कल संपली. तुला तिला भेटायचं असेल तर आता तुझं तू बघ.

सोसायटीचं फाटक उघडं होतं. त्यातून एक मोकाट गाय आत आली आणि सरळ गाडीपाशी जाऊन तिनं हाराला तोंड लावलं. मी "हाट्, हाट्" करत उठलो, तर तळमजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून आई ओरडली, "आरं हुसकू नगंस! खाऊ दे तिला, सणाचं हाय." गाईनं मान झटकून हिसका दिला. दोरा तुटला, फुलं तिच्या तोंडात गेली, तार सैल होऊन हँडलवर लोंबकळली. आणि माझा टेस्ट लॅम्प विझला.

बाकीच्यांच्या गोष्टीत दिवा लागतो, माझ्या गोष्टीत विझला. जाऊन पाहिलं. हँडलच्या कडेनं जाणाऱ्या जुन्या वायरीत माझी ती तार रुतली होती, आतलं तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलं होतं; तार सैल झाली तसं ते सुटलं. मी टेप गुंडाळली, फ्यूज घातला, किक मारली. गाडी सुरू झाली. आई पायात चपला घालून तयारच होती.

देवळात ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी कितीतरी वेळ उभी राहिली. काही मागत होती असं वाटलं नाही, नुसती बघत होती. मला तिच्याकडे बघवेना, रडूच आलं.

गाईला झेंडू आवडतो, यात चमत्कार तो कसला, हे मलाही कळतं. कुणाशी वाद घालायचा नाही. मी देवीवर सोडून दिलं आणि मग ती गाय आली, एवढंच मी पाहिलं, आणि त्यासाठी आजही हात जोडतो.

ऑपरेशन झालं, पण नजर परत आली नाही. मी हॉस्पिटलात देवीवर चिडलो, तर आईच मला म्हणाली, "बघून ठिवलीया की मी तिला."

आता दर दसऱ्याला आईला मागं बसवून मी तिकडं जातो. हार साध्या दोऱ्यानं, सैलसर बांधतो. पनवेलच्या आसपास कुठंतरी वाऱ्यानं तो सुटतोच. मी गाडी थांबवत नाही. फुलांचा वास थांबला की माझ्या खांद्यावर हात ठेवून आई विचारते, "गेला व्हय रं?"

"गेला, आई."

"जाऊ दे. पोचला आसंल."