गोणपाट कोणी सरकवलं

जागा धरण्याच्या बाबतीत माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात जन्माला आलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सेलूकडे त्यांची वांग्या-टमाट्यांची वाडी आणि वर्ध्याच्या बाजाररस्त्यावर, अगदी कोपऱ्याला, वडिलांपासून चालत आलेली बसायची जागा. लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, साडू फुलकोबी ठेवतात. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीच्या पानांवर एकेक वांगं ठेवून ते खुशाल आंघोळीला गेले, आणि वाढपी त्या वांग्यांना वरण-भात वाढून पुढे सरकला. मी हसलो तर म्हणाले, "हासून काय राह्यले, गुरुजी? वांगं उचलाची हिंमत झाली काय कोनाची?"

बाजाराचा सगळा कायदा त्यांच्या तोंडी असे. ज्यानं गोणपाट अंथरलं त्याची जागा. मग तो जेवायला जावो नाहीतर परगावी, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मात्र मालकानं स्वतःच्या हातानं गोणपाट सरकवलं की जागा सुटली, पुन्हा मागायची नाही. याच कलमाखाली त्यांनी स्वतःच्या चुलतभावाला लसणासकट रस्त्यापलीकडे पाठवलं होतं आणि घरात कितीतरी दिवस अबोला ओढवून घेतला होता. पण भांडण झालं की बाजार त्यांच्याकडेच यायचा, कारण हा माणूस नात्यालाही सूट देत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा या रस्त्यातून ट्राम जायची टूम निघाली. जमिनीलगत रूळ, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून गाडी. पेपरात चित्र फार सुंदर आलं होतं, फक्त त्यात भाजीवाले नव्हते. दुसरा मार्ग बाहेरच्या रस्त्यानं होता, पण तो लांब पडत होता. साडूंनी सगळ्यांना कोपऱ्यावर गोळा करून बजावलं, "कोनी गोनपाट हालवाचं नाई. एकानं हालवलं तं समद्याईचं गेलं म्हनून समजा."

आणि नेमके ते माझ्याबरोबर देवळीला एका तेरवीला गेले असताना, बाजार भरायच्या आधी, मोजणीची माणसं आली. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एकटीच भाजी लावत होती. तरुण इंजिनियर अदबीनं म्हणाला, "काकू, फक्की मारायची आहे, भाजीवर उडेल." पालकावर चुना नको म्हणून ताईनं गोणपाट हातभर मागं ओढलं. तिथून फक्कीची पांढरी रेघ गेली आणि त्या रेघेचा फोटोही निघाला.

आम्ही परतल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा साडू उठून ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जेवेनात, तिच्याकडे बघेनात. ताई मला म्हणाली, "भाऊजी, त्याईले म्हना मले मारा, पन असे बसू नका." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. पालकाच्या जुडीपायी बायकोला वाळीत टाकणारा कसला हा कायदा!

कामाच्या दिवशी जेसीबी कोपऱ्यावर येऊन घुरघुरत उभा राहिला. सगळा बाजार आडवा झाला. इंजिनियरनं मोबाइलवरचा फोटो दाखवून सांगितलं, की ही जागा तुम्ही लोकांनीच आपण होऊन सोडली आहे, सुरुवात इथूनच होईल. कांद्याचा अडत्या पुढं आला. "कोनं सरकवलं गोनपाट? नाव सांगा त्याचं!" लोक एकमेकांकडे बघू लागले. ताईनं तोंड उघडलं, तेवढ्यात साडू उठले.

"म्या सरकवलं."

ते तर मोजणीच्या दिवशी देवळीला माझ्या शेजारी बसून तेरवीची बुंदी खात होते! इंजिनियरनं ताईकडे पाहिलं, काहीतरी बोलायला ओठ हलवले आणि मान खाली घातली. अडत्या म्हणाला, "तुमी? तुमी, भाऊ?"

"मीच. काऊन, मानूस चुकत नाई काय?"

कोणी शिवी दिली, कोणी थुंकलं. मग एकेक जण बाजूला झाला आणि जेसीबीचा दात डांबरात शिरला.

आता तिथं रूळ आहेत. भाजीवाले गल्लीबोळांत पांगले. साडूंकडे भांडण घेऊन कोणी येत नाही. समोर दिसले तर काहीजण वाट बदलतात. खरं काय ते मी अडत्याला सांगायला निघालो होतो, तर त्यांनी माझा दंड धरला. "राहू द्या, गुरुजी. तिले याच बाजारात बसाचं हाय." त्यांना निष्ठुर समजलो याची मला लाज वाटली. हल्लीच एकदा सकाळी ते आता बसतात त्या अरुंद गल्लीत गेलो. ताई उन्हाचा अंदाज घेत उभी होती. साडू गोणपाट खांद्यावर टाकून तिच्या मागं थांबले होते, आणि जन्मात कोणाला न विचारलेला प्रश्न तिला विचारत होते.

"कुठं आथरू, सांग."