अढीतली सीताफळं

ऑफिसातून परतताना आज कोपऱ्यावरच्या हातगाडीशी पाय थबकले. पिकलेल्या सीताफळांचा तो जड, गोड, जरासा मातकट वास पुण्याच्या धुरातूनही ओळखू आला. गाडीवाला डोळे उघडलेली, आजच खाण्याजोगी फळं पुढं करत होता आणि मी कच्ची निवडत होते. टणक, खवल्यांमधल्या रेघा नुकत्या पांढुरक्या झालेली. त्याला नवल वाटलं. ही सवय मला बीडला कॉलेजात असताना लागली, एका दिवाळीच्या सुट्टीत.

सुट्टीच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच मैत्रिणी तेलगावजवळ आमच्यातल्याच एकीच्या शेतावर गेलो होतो. बोंडं फुटून रान पांढरं झालेलं. ऊन चटकत होतं, पण सावलीत शिरलं की गार झुळूक यायची. बांधावरच्या सीताफळी फळांनी वाकल्या होत्या. बाकीच्या फोटो काढण्यात दंग, आणि मी नकळत ओढणीची ओटी खोचून कापूस वेचू लागले. शेतवाली मैत्रीण म्हणाली, "हिला ठिवून जा गं इथंच. आईला वेचायला बाया मिळंना झाल्यात." सगळ्या हसल्या, मीही हसले. दुपारी तिच्या आईनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, तोडलेली कच्ची सीताफळं कोठ्यात अढीला घातली. खाली भुसकट, त्यावर फळं, पुन्हा भुसकट आणि वर पोतं. प्रत्येकीनं एका फळाच्या देठाला आपल्या रंगाचा दोरा बांधला. गुरुवारी परत यायचं, मिळून खायचं आणि मग आपापल्या घरी जायचं, असं ठरलं.

त्यांच्यासाठी ती गंमत होती. माझ्यापुढं मात्र त्या गुरुवारपलीकडं काहीच नव्हतं. दसरा झाला की माझे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचे आणि घराला लागलेलं कुलूप उन्हाळ्याच्या तोंडाला निघायचं. हे मी मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. ज्यांच्या कोयत्यावर मी शिकत होते त्यांची लाज वाटत नव्हती. पण दिवाळीत आपलं घर बंद असतं म्हटलं की समोरचीचा चेहरा उतरतो आणि मग आपणच तिची समजूत घालत बसतो. तेवढं नको वाटायचं.

बुधवारी सुट्टी लागली आणि संध्याकाळपर्यंत वसतिगृह रिकामं झालं. गुरुवार कुणाच्याच लक्षात राहिला नाही. फोन करता आला असता, पण घरी पोचलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं परत बोलवायचं? गुरुवारी दुपारच्या बसनं एकटीच गेले. शेतवाली मैत्रीणसुद्धा गेवराईला मामाकडं गेलेली. अंगण सारवणाऱ्या काकूंनी मान वर केली तशी मी गडबडून सांगितलं, चौसाळ्याला घरी निघालेय, वाटेत डोकावले. चौसाळा बीडहून अगदी दुसऱ्या रस्त्याला आहे, हे बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

काकूंनी ऐकून घेतलं. हात धुऊन अढी उकरली. पाच दोऱ्यांची पाचही फळं पिकून मऊ झाली होती. उंबऱ्यात बसून मी माझं खाल्लं. बाकीच्या फळांना हात लावेना, तेव्हा नासून जातील म्हणत काकूंनी तीही एकेक करून फोडली आणि माझ्यासोबत खाऊ लागल्या. बिया अंगणात टाकताटाकता सहज विचारावं तसं विचारलं, "घरी कोन हाय गं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"टोळीवर गेलेत?"

"हो."

त्या हळहळल्या नाहीत. उठून बांधावर गेल्या, पदरात कच्ची सीताफळं घेऊन आल्या आणि माझ्यासमोर अढीत रचली. पोतं झाकून म्हणाल्या, "ही सोमवारी हुतील. मला एकटीला लई हायत. तुला यावं लागंल, माय."

सोमवारी मी गेले. निघताना पाहिलं तर अढीत पुन्हा कच्ची फळं घातलेली. त्या सुट्टीत काकूंनी अढी एकदाही रिकामी होऊ दिली नाही.

मैत्रिणींना हे मी कधी सांगितलं नाही. आता त्या चार गावांत पांगल्यात, आणि माझ्या खोलीवर आजही वाट पाहणारं कुणी नसतं. आणलेली फळं मघाशी तांदळाच्या डब्यात दडवली आणि झाकण लावलं. सोमवारपर्यंत ती होतील. तेव्हा मला घरी असायला हवं.