माहेरहून आणलेलं मीठ

१९६६, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. बोईसर, चाळीतली आमची खोली. हजर: मी, समोरच्या खोलीतली सासू, तिची सून आणि चाळीतल्या चौघी.

पूजा मांडणं, फळं आणणं, कहाणी वाचणं, सगळं माझ्याकडे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे.

कहाणीतली राजकन्या लग्नानंतर माहेरी जाते आणि येताना फक्त मीठ आणते. नवरा विचारतो, माहेरहून काय आणलंस? ती म्हणते, राज्याचं सार. मग त्याला अळणी जेवण वाढते. घास उतरेना, तेव्हा पानात मीठ घालते. राजाला पटतं.

इथे समोरच्या सासूने डोळे पुसले. "पोरगी असावी तर अशी!" आणि त्याच दमात सुनेला, "तुझा बाप घड्याळ कधी देणार गं? माझा पोरगा तारापूरच्या कामावर रिकाम्या मनगटानं जातोय. शनिवारी जा आणि घेऊनच ये."

सून वैतरण्याची, बाप मिठागरात मजूर. "बाबाकडं नाय हो, आई," ती पुटपुटली. मी प्रसाद वाटत राहिले.

पुढच्या गुरुवारी कहाणी संपता संपता सून स्टेशनवरून थेट आमच्याकडे आली. डोक्यावरचं पोतं सासूपुढे उतरवलं. मीठ.

"हे काय?"

"बाबाच्या हातचं. राज्याचं सार हाय. तुमी रडलात ना गेल्या गुरुवारी?"

चौघी खो खो हसल्या. मीही हसले, आणि तिथेच बिघडलं.

"ती राजाची पोर होती," सासू म्हणाली. "तू कोण लागून गेलीस? घड्याळ नाही तर उंबऱ्यात पाय नाही." हळदकुंकू न घेताच ती उठली.

"तुम्ही कहाणी वाचता, तुम्हीच समजवा तिला," चौघी मला म्हणाल्या. मी म्हटलं, आधी आवराआवर करू, उद्या सवडीनं बोलते. सुनेचा नवरा कामावरून आला, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेला. संध्याकाळच्या गाडीने सून माहेरी परत गेली.

शुक्रवारच्या माझ्या यादीत चार कामं होती. कलशातलं पाणी तुळशीला घालणे. मागून आणलेला चौरंग परत देणे. सासूशी बोलणे. वैतरण्याला जाऊन सुनेला घेऊन येणे.

पहिली दोन सकाळीच उरकली. तिसरं दुपारी, चार शब्द ऐकून घेऊन. चौथं अजून राहिलंय.